हरिहरच्या पायऱ्यांवर पाय गोठले, आता अलंग-मदनला जाऊ का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे मागचं न वाचलेल्यांनाही कळेल. विचारणारे गृहस्थ नाशिकचेच, वय ४३, अंबडच्या एका कारखान्यात नोकरी. कळसूबाई दोनदा झालंय, दम फारसा लागत नाही. जुलैत ग्रुपबरोबर हरिहर किल्ल्यावर गेले आणि पायऱ्यांच्या मध्यावर पाय लटलटायला लागले. मागच्यांनी ढकलत आणि पुढच्याने हात ओढत त्यांना वर नेलं. उतरताना बसून, एकेक पायरी घसरत खाली आले, तासभर लागला. तोच ग्रुप डिसेंबरात अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले करणार आहे. तेव्हापासून हे रोज जिमला जातात, पाच किलोमीटर पळतात. आणि विचारतात, "चार महिने हातात आहेत. आणखी कोणता व्यायाम करू म्हणजे तिथे फजिती होणार नाही?"

भाऊ, व्यायामाचं मी शेवटी सांगते, कारण तुमचं दुखणं तिथे नाहीच. कळसूबाई दोनदा चढून ज्याला दम लागला नाही, त्याचे पाय हरिहरच्या पन्नास-साठाव्या पायरीवर थकले म्हणून लटलटले, हे मला पटत नाही. पायथ्यापासून त्या पायऱ्यांपर्यंतची चाल कळसूबाईपेक्षा बरीच कमी आहे. तुम्ही पळताय ते चांगलंच आहे, पळत राहा. पण ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं चाललंय (आपल्या गंगापूर रोडच्या सोमेश्वराची क्षमा मागून).

मी सत्तावीस वर्षं नाशिकच्या डोंगरांत फिरते आहे, त्यातली अठरा वर्षं लोकांना घेऊन. एवढ्या वर्षांत मला एक दिसलं, माणूस डोंगरात तीन जागी अडतो: छातीत, गुडघ्यात नाहीतर डोळ्यात. छातीत अडला की चढताना दहा पावलांवर थांबतो. गुडघ्यात अडला की चढताना मजेत असतो आणि उतरताना रडतो. डोळ्यात अडलेला माणूस सपाटीवर, झाडीत, लांबच लांब चढावर सगळ्यांच्या पुढे असतो, आणि जिथे पायाच्या एका बाजूची जमीन संपते तिथे एकदम दगड होतो. या तिसऱ्याला आम्ही दृष्टिभय म्हणतो, हल्लीची मुलं 'एक्सपोजर' म्हणतात. तुमचं वर्णन वाचल्यावर मला शंका राहिली नाही. तुम्ही डोळ्यात अडलात.

कळसूबाईने तुम्हाला हे का सांगितलं नाही? ते १,६४६ मीटर आहे, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, आणि हरिहर जेमतेम ११२० मीटर. पण डोळ्यांना समुद्रसपाटी कळत नाही, पावलाशेजारी काय आहे तेवढंच कळतं. कळसूबाईच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत आणि त्यांना कठडे आहेत. चढताना हातभर अंतरावर डोळ्यांना धरायला काहीतरी असतं. हरिहरला पायरी संपली की थेट हवा. त्या पायऱ्या ऐंशी अंशांत आहेत असं जिकडेतिकडे लिहिलेलं असतं. मला तो आकडा कधीच पटला नाही, ऐंशी अंश म्हणजे जवळजवळ भिंत. पण खालून बघताना भिंतच वाटते हे खरं, आणि ज्यांनी खोदल्या त्यांना नेमकं तेच हवं असणार. खालून येणाऱ्या शत्रूला धडकी भरावी म्हणूनच तर महादरवाजा त्या पायऱ्यांच्या माथ्यावर आहे.

आता पाय का लटलटतात ते समजून घ्या, कारण ते कळलं की निम्मी लाज जाते. आपण उभे असतो तेव्हा स्थिर आहोत असं वाटतं, पण शरीर सतत थोडंथोडं डुलत असतं. ते डोलणं सावरायला डोळे जवळच्या वस्तूचा आधार घेतात: भिंत, झाड, शेजारचा माणूस. सगळ्यात जवळची गोष्टच हजार फूट खाली असेल तर डोळ्यांना काही पकडता येत नाही. कान एक सांगतात, तळपाय दुसरं सांगतात, डोळे गप्प. मग मेंदू सगळे स्नायू आवळून धरतो. हे सगळ्यांचंच होतं, कोणाचं कमी कोणाचं जास्त. त्यात भेकडपणाचा काही संबंध नाही, तुमच्या मित्रांना हेही वाचायला द्या.

आवळलेला माणूस दोन चुका करतो, आणि मी पैजेवर सांगते की तुम्ही दोन्ही केल्या असणार. पहिली, तो चवड्यांवर उभा राहतो. पोटरीवर सगळं वजन येतं, ती थकते आणि पाय शिलाई मशीनच्या सुईसारखा टकटक हलायला लागतो. माणसाला वाटतं, मी घाबरून थरथरतोय. त्यातली अर्धी थरथर निव्वळ पोटरीची असते. टाच खाली टेकवा, पायरीवर पूर्ण पाऊल ठेवा, दहा-पंधरा सेकंदांत थांबते. दुसरी चूक म्हणजे कातळाला मिठी मारणं. छाती दगडाला चिकटवली की कंबर मागे जाते, वजन पावलांवरून सरकतं आणि पाय खरोखर निसटायला लागतात. जितकं घट्ट धराल तितके सुटाल. सरळ उभं राहायचं, वजन पावलांवर, हात फक्त तोल सांभाळायला. हरिहरच्या पायऱ्यांना दोन्ही कडांना खोबण्या कोरलेल्या आहेत त्या त्यासाठीच. खोबणीत बोटं अडकवायची, लोंबकळायचं नाही. आणि दोन हात-दोन पाय यातले तीन कायम टेकलेले, एकच हलणार. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं आणि ऐन वेळी कोणालाच आठवत नाही. म्हणून सराव.

सरावाआधी तीन गोष्टी तपासून घ्या. यावर तुमचं उत्तर बदलू शकतं.

तुम्ही चष्म्याचं काही लिहिलं नाही, पण वय ४३ लिहिलंय म्हणून विचारते. नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लागलाय का? या काचांचा खालचा भाग वाचायचा असतो, म्हणजे हातभर अंतरावरचं स्पष्ट दाखवणारा. तुम्ही मान न वाकवता खाली बघता तेव्हा चार-पाच फुटांवरची पायरी त्या भागातून दिसते, आणि ती पुसट, थोडी वर आल्यासारखी दिसते. घरच्या जिन्यावर आपण सवयीने निभावतो, हरिहरवर नाही. माझ्याबरोबर येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका दोन वर्षं "मला आता उंची सोसत नाही" म्हणत घरी बसल्या होत्या. डोंगरासाठी फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा करून घेतला आणि पुढच्याच महिन्यात अंजनेरी चढून आल्या. डोळ्यात अडले म्हणते त्यातले काही असे अक्षरशः डोळ्यातच अडलेले असतात.

दुसरं, तुमचं सगळं फिरत होतं की नुसती भीती होती? अंथरुणात कूस बदलली, वर फळीवरचं काढायला मान मागे केली, तेव्हाही गरगरतं का? गरगरत असेल तर ते कानाचं दुखणं असू शकतं, आणि त्याचा डोंगराशी काही संबंध नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, बऱ्याचदा सोप्या उपायाने बरं होतं. पण ते होईपर्यंत कड्याजवळ फिरकू नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल तरी डॉक्टरांना एकदा विचारा, काही गोळ्यांनी एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. चाळिशीनंतर हृदयाची तपासणी करून घ्यायची, हे मी सगळ्यांनाच सांगते.

तिसरं, अलंग-मदनला जायचंय ते तुम्हाला की ग्रुपला? याचं उत्तर इथे लिहू नका, स्वतःपाशी ठेवा. पण ज्यांनी तुम्हाला गोठलेल्या अवस्थेत ढकलत वर नेलं त्यांच्याबद्दल मला थोडा राग आहे, तो लिहून टाकते. जो माणूस साठाव्या पायरीवर अडला त्याला तिथूनच, कोणीतरी खालच्या पायरीवर उभं राहून, हळूहळू खाली आणायचं असतं. वर नेलात तर त्याच्यापुढे आता तेवढ्याच नाही, जास्त पायऱ्या उतरायच्या राहतात. शिवाय हरिहरला महादरवाज्यानंतर खरी गंमत सुरू होते: कातळाखाली कोरलेली ती वाकून जायची वाट, एका बाजूला दरी, आणि पुढे आणखी अरुंद, आणखी उभ्या पायऱ्या. त्या अवस्थेत तुम्हाला तिथून नेलं आणि परत आणलं, यात तुमच्या नशिबाचा वाटा मोठा.

आता माझी गोष्ट. लोक म्हणतात, ताई तुम्हाला काय, तुम्हाला सवय आहे. माझी मुलगी दीड वर्षाची होती तेव्हा मी जवळपास अडीच वर्षांनी अलंगला गेले. त्याआधी चार वेळा केलेला किल्ला. अलंग आणि मदनच्या मधल्या खिंडीतून पुढे कड्याला लगटून आडवं जायचं असतं. वाट फूट-दीड फूट, उजवीकडे कातळ, डावीकडे काही नाही. त्या वाटेवर मी अर्ध्यात थांबले आणि मला पुढचा पाय उचलता येईना. मागे माझेच सहा लोक, मी त्यांची लीडर. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं की घरी ती झोपलीय. बरोबर आंबेवाडीचे एक वाटाडे मामा होते. ते माझ्या पुढून उलटे परत आले, खाली बसले आणि माझ्या बुटाची टाच हातात धरून त्यांनी ती उचलून पुढच्या दगडावर ठेवली, लहान मुलाला बूट घालतात तशी. म्हणाले, "ताई, दरीकडं मागून बघू. आधी ह्यो पाय झाला, आता त्यो सांगा." मग दुसरा. चार पावलं त्यांनी टाकली, पाचवं मी टाकलं. वर पोचल्यावर मी तासभर कोणाशी बोलले नाही. सवय गेली होती, एवढंच झालं होतं. दृष्टी ही पोहण्यासारखी नाही, की एकदा आलं ते आलं. ती सुटते आणि परत बसवावी लागते. पण परत बसते, हेही तितकंच खरं.

ती बसवायची कशी, तर थोड्याथोड्या उघडेपणाची सवय करून. एकदम हरिहरला जाऊन "आज भीती मारायचीच" असं ठरवणाऱ्यांची भीती वाढून परत येते. नाशिककर म्हणून आपण भाग्यवान, कारण आपल्याकडे या कामासाठी जणू इयत्ता लावून ठेवल्या आहेत.

पहिले दोन आठवडे रामशेज. पेठच्या वाटेवर, नोकरी सांभाळून सकाळी होतो. औरंगजेबाच्या फौजेला ज्याने वर्षानुवर्षं झुलवलं तो किल्ला आपण अर्ध्या तासात चढतो, हे जरा ओशाळवाणं आहे, पण आपलं काम वेगळं. वर गेल्यावर कड्यापासून चांगलं आठ-दहा फूट अलीकडे बसायचं आणि बघायचं. आधी जवळचं गवत, मग त्यापुढचा दगड, मग खालचं शेत, परत गवत. दहा मिनिटं. छातीची धडधड वाढते आणि बसल्याबसल्या कमी होते. ती कमी झाल्यावरच उठायचं, वाढलेली असताना उठलात तर शरीर शिकतं की पळालो म्हणून वाचलो.

मग त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी. श्रावणातला तिसरा सोमवार सोडून, त्या दिवशी प्रदक्षिणेच्या फेरीची गर्दी असते. ब्रह्मगिरीच्या कातळातल्या पायऱ्या दोन भिंतींमध्ये कोरलेल्या आहेत, चढ उभा असला तरी दोन्हीकडून कुशीत घेतल्यासारखं वाटतं. तिथे तुम्हाला काही होणार नाही, आणि पायऱ्यांची भीती वेगळी आणि उघडेपणाची भीती वेगळी हे शरीराला कळेल. खरी परीक्षा वर आहे, दुर्गभांडार. माथ्यावरून पुढे गेलात की कातळाच्या चिरेत खोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या लागतात, तळाशी रांगत बाहेर पडायचा दरवाजा, आणि बाहेर दोन्हीकडे दरी असलेली कातळाची अरुंद धार. तिच्यावर आरामात चालण्याइतकी रुंदी आहे, घरातल्या खोलीत तेवढ्या पट्ट्यावरून तुमचा पाय कधीच बाहेर जाणार नाही. पण डोळे ऐकत नाहीत. पहिल्या दिवशी दरवाज्यातून नुसतं डोकं काढून बघा आणि परत या. दुसऱ्या खेपेला पाच पावलं. मी एका बँकेतल्या माणसाला चार खेपा नेलं, चौथ्या वेळी पलीकडे जाऊन त्यांनी डबा उघडला. पाऊस चालू असताना किंवा धुकं असताना हे करू नका, ओल्या बसाल्टवर शेवाळ साबणासारखं असतं.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरात साल्हेर. वाघांब्याकडून साल्हेर-सालोट्याच्या खिंडीतून गेलात तर दरवाजे, कोरलेल्या पायऱ्या, कड्याच्या पोटातून जाणारी आडवी वाट असं सगळं हळूहळू वाढत जातं आणि कुठेच एकदम अंगावर येत नाही. १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, दिवसही मोठा होतो, त्यामुळे छाती आणि गुडघेही आपोआप तपासले जातात. परशुरामाच्या देवळापाशी वारा असतो, तिथे बसून खालचं बागलाण बघताना काय वाटतं याकडे लक्ष द्या.

मग परत हरिहर. आणि इथे मला तुमच्या जुलैच्या दिवसाबद्दल एक सांगायचंय. तुम्ही वार लिहिलेला नाही, पण पावसाळ्यात ग्रुपने गेलात म्हणजे शनिवार-रविवार असणार. मी एकदा अशाच ऑगस्टच्या रविवारी तिथे अडकले होते. पायऱ्यांवर खालपासून वरपर्यंत माणसं, वरून उतरणारे त्याच पायऱ्यांनी येणार, दोन माणसं शेजारी मावत नाहीत. माझ्या वरच्या मुलीच्या हातात वेफर्सच्या पुड्यांची पिशवी होती. एक माकड शांतपणे कडेकडेने आलं आणि पिशवीला हात घातला. त्या मुलीने दचकून दोन्ही हात सोडले. तिच्या मागच्या मुलाने तिची सॅक धरली म्हणून बरं. माकड तीन पायऱ्या वर जाऊन बसलं आणि पुडी फोडून खायला लागलं, आणि साठ-सत्तर माणसं कड्यावर उभी राहून त्याचं खाणं संपायची वाट बघत होती. अशा गर्दीत आपल्या गतीने चढणं, थांबणं, परत फिरणं यातलं काहीच आपल्या हातात नसतं, आणि दृष्टिभयाला तेवढंच खाद्य पुरतं. तुमच्या लटलटण्याला गर्दी किती कारण आणि दरी किती, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. म्हणून रजा टाका आणि मधल्या वारी, बुधवार-गुरुवारी, सकाळी लवकर जा. हर्षेवाडीकडून गेलात तर चाल कमी पडते. बरोबर एकच माणूस न्या, जो बोलत नाही असा. खाण्याचं सगळं सॅकच्या आत.

पायऱ्यांवर मोजत चढा. दहा पायऱ्या, थांबा, टाचा टेका, पुढची पायरी बघा, मग दहा. आणि आधीच ठरवून जा की आज तीसपर्यंतच जायचंय. तीस झाल्या की जमत असलं तरी परत फिरा. उतरताना पाठ दरीकडे, तोंड कातळाकडे, शिडीवरून उतरतो तसं. बसून घसरत उतरू नका. बसलं की पाय दिसत नाहीत, डोळ्यांसमोर उरते नुसती दरी, आणि मुरूम असला की बूड सटकतं. खालची पायरी काखेखालून बघायची, पाय सोडायचा, टेकल्याची खात्री करायची, मग वजन. पुढच्या बुधवारी साठ. महादरवाज्यात बसून चहा प्यायला जमेल तो दिवस लिहून ठेवा.

इथपर्यंत नोव्हेंबर येईल. मग अलंग-मदनचा विचार.

या किल्ल्यांबद्दल एक गैरसमज आहे की अवघड म्हणजे दोराचा टप्पा. १८१८मध्ये इंग्रजांनी आपल्या भागातले किल्ले घेतले आणि कित्येकांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. अलंगला सत्तर-ऐंशी फुटांचा आणि मदनला त्याहून छोटा कातळटप्पा आज दोराने चढावा लागतो तो त्यामुळेच. पण माझा अनुभव असा की दृष्टिभयवाला माणूस दोरावर बरा असतो. कमरेला हार्नेस, वरून कोणीतरी बेले देतंय, म्हणजे दोर ताणून धरतंय, पडलो तरी हातभर लोंबकळेन हे त्याला कळतं. उतरताना रॅपलिंगचं पहिलं पाऊल, कड्याच्या टोकावरून मागे झुकायचं ते, सगळ्यांनाच जड जातं, पण तेही एका मिनिटाचं. त्याला खातात त्या आडव्या वाटा, जिथे दोर नसतो. मदनच्या दरीकडे उघड्या पायऱ्या, अलंगच्या पोटातली ती मी गोठले ती वाट, आणि डिसेंबरात तिच्यावर वाळलेलं गवत आणि मुरूम. मुरमावरून चालणं म्हणजे ज्वारीच्या दाण्यांवरून चालणं. अशाच जागी पाय जातो, कारण इथे कोणी गंभीर नसतं, फोटो काढत असतात.

म्हणून तुमच्या लीडरला एकच प्रश्न विचारा: "आडव्या वाटांवर दोर बांधणार का?" जो "त्याची गरज नसते, सगळे जातात" म्हणतो त्याच्याबरोबर तुम्ही जाऊ नका. बाकीचे काही जाऊ देत. जो "हो, तुम्हाला बांधतो" म्हणतो, त्याला मग पुढचं विचारा. किती जण आहेत? हेल्मेट सगळ्यांना आहे का? सगळ्यात शेवटी कोण उतरतं? आणि कोणी खिंडीत थांबलं तर त्याच्याबरोबर कोण थांबणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तयार असलेला लीडर मिळाला तर अर्धी भीती तिथेच उतरते. त्याला हरिहरचं सगळं सांगा, लपवू नका. ऐन खिंडीत कळण्यापेक्षा नाशिकमध्ये कळलेलं आम्हाला बरं असतं. त्याआधी दोन-तीन रविवार एखाद्या गिर्यारोहण संस्थेच्या सराव शिबिरात कातळावर दोराने चढून-उतरून घ्या. नाशिकमध्ये वैनतेयसारखी जुनी संस्था आहे, चौकशी करा.

जाऊ का, याला माझं उत्तर असं: नोव्हेंबरच्या शेवटी मधल्या वारी हरिहर तोंड कातळाकडे करून, कोणाचाही हात न धरता उतरलात आणि लीडर दोर बांधणारा असेल, तर जा. यातलं एक नसेल तर यंदा नको. मधला मार्ग म्हणून अनेक जण सांगतील की नुसता कुलंग करा, तिथे दोर लागत नाही. लागत नाही हे खरं, पण चढ भलताच लांब आहे आणि वरच्या पायऱ्या कड्यालगतच आहेत. त्यामुळे तो सोपा पर्याय समजून जाऊ नका. वर ओळीने खोदलेली पाण्याची टाकी मात्र बघण्यासारखी आहेत.

व्यायामाचं विचारलं होतंत. पळणं आठवड्यातून तीनदा पुरे. पांडवलेणीच्या पायऱ्या आठवड्यातून दोनदा, पाठीवर आठ किलो घेऊन. पाण्याच्या बाटल्या भरून न्या. पहिला महिना वर ओतून द्या म्हणजे उतरताना गुडघ्यांना आराम, दुसऱ्या महिन्यापासून तसंच ओझं घेऊन उतरा. उतरणं हाच व्यायाम आहे, दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या चढण्याने नाही. आणि रोज दात घासताना एका पायावर उभे राहा, जमलं की डोळे मिटून, बेसिनला हात लागेल इतक्या जवळ. घरचे हसतील. आमच्याकडेही हसतात.

एक राहिलं. अलंगला मुक्कामाचं सामान असतं आणि सगळे कॅरीमॅट सॅकला आडवी बांधतात. आडव्या वाटेवर मॅटचं टोक कातळाला लागतं आणि तुम्हाला हलकेच दरीकडे ढकलतं. माझी तिथे पहिली भंबेरी उडाली ती त्यानेच. मॅट उभी बांधा.